गरजेचा रकाना

“घर किती छान ठेवलंय हो तुम्ही!” ती मुलगी उंबऱ्यातच म्हणाली. दुसऱ्या कुणाला हे वाक्य कौतुकाचं वाटलं असतं. दादाला वाटलंच. तो खुर्चीतून उठला, असलेल्या हाताने शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाला, “या, या. चपला असू द्यात पायात, काही हरकत नाही.” मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होते. बत्तीस वर्षं मी हेच वाक्य लोकांच्या उंबऱ्यात उभी राहून म्हटलं होतं. म्हणायचं, हसायचं, आणि पिशवीतला तक्ता बाहेर काढायच्या आधीच शेवटचा रकाना मनात भरून टाकायचा. लढाईत अपंग झालेल्या सैनिकांना सरकार पेन्शन देतं, पण सरसकट नाही; ज्यांना खरोखरच गरज आहे त्यांना. गरज खरी की खोटी हे बघायला कचेरी एक माणूस घरी पाठवते. तो माणूस मी होते. आता ती ही मुलगी होती. तीन मजले चढून आली होती, कपाळावरचे केस ओले झाले होते, गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलं होतं, आणि तिची नजर अंथरुणावरून दारामागच्या बुटांकडे आणि बुटांवरून मोरीकडे निघाली होती. आधी अंथरूण, मग पादत्राणं, मग मोरी. क्रमसुद्धा बदलला नव्हता. हा क्रम मला ज्यांनी शिकवला त्या वरिष्ठांना आम्ही पाठीमागे भिंग म्हणायचो. भिंग जाऊन वीस वर्षं झाली असतील, पण त्यांची नजर अजून नोकरीत होती.

तीन दिवस मी दादाला पढवत होते. पाच वर्षांनी मोठा भाऊ, एकोणऐंशी वर्षांचा, आणि मी त्याला शाळेत नाव घालायला नेलेल्या पोरासारखं घोकवत होते. दाढी करू नकोस. इस्त्रीचा शर्ट घालू नकोस. ती आली की उठू नकोस. “बाईमाणूस घरात येणार आणि मी बसून राहू?” तो म्हणाला. म्हटलं, ती पाहुणी नाही, तपासणीला येणार आहे. “मग तर दाढी करायलाच हवी.” मी हात टेकले. तपासणी या शब्दाला त्याच्या डोक्यात एकच अर्थ होता: चादरीवर सुरकुती नको, बुटात तोंड दिसलं पाहिजे, आणि साहेब समोर आला की पाठीचा कणा सरळ. विसाव्या वर्षी ज्याने हे अंगात भिनवून घेतलं आणि त्याच वर्षी उजवा हात खांद्यापासून देऊन घरी आला, त्याला मी एकोणऐंशीव्या वर्षी कसं समजावू, की या तपासणीत सगळं उलटं असतं? “वाईट दिसायची तपासणी कुठल्या फौजेत असते गं?” त्याने विचारलं. “आमच्या ऑफिसात असते.” “तरीच,” तो म्हणाला, “तुमच्या ऑफिसला कधी कुणी लढायला पाठवलं नाही.” आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम दोन पातेली न घासता मोरीत ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा. झोपताना ती पातेली डोळ्यांपुढे येत राहिली, इतकी मला लाज वाटत होती. सकाळी उठले ती पितळ घासायच्या पावडरीच्या वासाने. पातेली चकचकीत होऊन फळीवर पालथी पडली होती आणि दादा डबा गुडघ्यांत धरून नळ घासत होता. नळ! “काल कुणीतरी भांडी विसरलं वाटतं,” मान वर न करता तो म्हणाला. मी चहाचं आधण ठेवलं. बोलले असते तर आरडाओरडाच केला असता, आणि दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मला नेमकं तेच करू नका म्हणून सांगितलं होतं.

डॉक्टरांनी आणखीही काही सांगितलं होतं. ते मी दादाला सांगितलं नव्हतं. तरुण डॉक्टर, माझ्या रिपोर्टांकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाले, जिने टाळा, दगदग टाळा आणि कागदपत्रं एकदा नीट लावून ठेवा. आमच्या तक्त्याची भाषा मला कळते, तशी त्यांच्याही तक्त्याची कळली. घरी येताना जिन्यात मी हिशेब केला. तो पैशांचा नव्हता, माणसांचा होता. हे घर माझ्या पेन्शनवर चालतं. मी गेले की माझी पेन्शन माझ्याबरोबर जाणार. मागे राहणार दादा, एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला दार ठोठावणारा घरमालक. मग दादाने अर्ज करायचा, अर्जाने फिरायचं, दोन वर्षं, तीन वर्षं, आणि तोवर त्याला सरकारी आश्रमात पाठवायचं, जिथे वीस खाटांची खोली असते आणि नळ घासायची परवानगी नसते. मी त्या आश्रमात कामानिमित्त खूपदा गेलेय. तिथली माणसं खिडकीकडे तोंड करून बसतात. म्हणून मीच पुढे होऊन त्याचा अर्ज भरला. माझ्या डोळ्यांदेखत मंजूर व्हावा, एवढंच. दादाने सही करताना एकदाच माझ्याकडे पाहिलं. “आता कशाला? इतकी वर्षं चाललंय की.” म्हटलं, हक्काचं आहे, घ्यावं. त्याने सही केली. डाव्या हाताचं त्याचं अक्षर माझ्या उजव्या हाताच्या अक्षरापेक्षा देखणं आहे.

“थोडं पाणी मिळेल?” मुलगी म्हणाली. मी दारातच होते, माठाला हात पुरत होता. “मी देते,” म्हणत मी वळलेसुद्धा. “तुम्ही कशाला आजी, बसा ना तुम्ही,” ती म्हणाली, आणि बोलता बोलता नजर दादाकडे. मी माठावरचा हात मागे घेतला. हे पाणी मला ओळखीचं होतं. माझ्या पहिल्याच आठवड्यात भिंगांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं होतं, “बाई, बसल्यावर पाणी मागायचं. तहान असो नसो. कोण उठतं, कसा चालतो, भांडं कुठून काढतो, सांडतो का, सगळं त्या एका ग्लासात दिसतं. जो उठून पाणी देतो त्याला गरज नाही.” दादा केव्हाच आत पोचला होता. त्याने ग्लास विसळला, भरला, छोट्या थाळीत ठेवला आणि थाळी पंजावर तोलत, हॉटेलातल्या जुन्या वेटरसारखा, थोडा ऐटीत, बाहेर आला. थेंब हलला नाही. मला वाटलं, सांड. एकदा तरी सांड. मी त्याच्या कोपराला धक्का द्यावा असंही क्षणभर मनात आलं. सख्ख्या भावाच्या कोपराला! मुलीने थाळी पाहिली, पंजा पाहिला, आणि पाणी प्यायली.

मला घड्याळवाला आठवला. आठवला म्हणणंही खोटं आहे; तो कधी गेलेलाच नाही. माझ्या नोकरीचं सहावं की सातवं वर्ष. दोन्ही पाय मांडीपासून नाहीत, चाकं लावलेल्या फळीवर बसून हातांनी जमीन ढकलत घरभर फिरायचा, आणि खिडकीशी बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा. मी गेले तेव्हा खिडकीला धुतलेला पडदा होता, टेबलावर निळ्या फुलांचे दोन कप होते, आणि त्याची बायको न्हाऊन, केस चापून बसवून दारात उभी होती. मी म्हटलं, घर किती छान ठेवलंय. मग पाणी मागितलं. फळी ढकलत तो गेला, आणि एका हाताने फळी, एका हाताने ग्लास असा परत आला. मी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. कचेरीत जाऊन लिहिलं: अर्जदार स्वावलंबी. घर नीटनेटके. गरज दिसत नाही. भिंगांनी माझ्यासमोर सही केली आणि म्हणाले, “असं लिहावं. पाल्हाळ नको.” मी त्या दिवशी खूश होऊन घरी आले होते, दादाला सांगितलंही असेल. चार महिन्यांनी ती बायको कचेरीच्या खिडकीशी आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, “बाई, तुम्ही येणार म्हणून कप शेजारून आणले होते हो. पडदासुद्धा त्यांचाच.” मी म्हटलं, अपील करा. अपिलाचा छापील कागद तिच्याकडे सरकवला. तो तिने घडी करून ब्लाउजात ठेवला आणि गेली. अपील आलं नाही. मी बरेच दिवस टपालात पाहत होते.

“आंघोळ?” मुलीने तक्ता गुडघ्यावर घेतला होता. “माझी मी,” दादा म्हणाला. “कपडे?” “माझे मी. बटणंसुद्धा.” मला राहवलं नाही. “बटणांना पंधरा मिनिटं लागतात त्याला.” “दहा,” दादा म्हणाला. “थंडीत पंधरा.” “थंडीत मी स्वेटर घालतो. लिहा हो तुम्ही, दहा.” मुलगी हसू दाबत लिहू लागली. मग तिला ओट्यावरची फळी दिसली. लाकडाच्या फळीतून दादाने खालून दोन खिळे ठोकून वर काढले आहेत. त्यांवर बटाटा रोवायचा आणि एका हाताने सोलायचा. “हे कुणी केलं?” “मीच.” “केवढी हुशारी आहे!” “गरज म्हणजे शोधाची आई,” दादा म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन माझ्याकडे बघू लागला. मी डोळे मिटले. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. ही म्हण दादाच स्वतःबद्दल वापरतो आणि पुढे जोडतो, माझ्याकडे दाखवायलाही एकच आहे. “काही दुखतं का?” मुलीने विचारलं. मला आशा वाटली. दुखतं. साठ वर्षं दुखतंय. कधी कधी तो बसल्या बसल्या ओठ आवळतो, आणि मला कळतं की नसलेल्या हाताची बोटं वळायला लागली आहेत. एकदा मी विचारलं होतं, नेमकं कुठे? तर त्याने शेजारच्या रिकाम्या हवेत बोट दाखवलं होतं, “हे इथे.” आता तो म्हणाला, “जे आहे ते काही दुखत नाही.” मुलीने शून्य लिहिलं. जे नाही त्याच्या दुखण्याला तक्त्यात जागा नाही. माझ्याही काळात नव्हती, आणि तक्ता सुधारायला नेमलेल्या समितीत मी दोन वर्षं बसत होते.

तो परत आला त्या दिवशी मी पंधरा वर्षांची होते. ट्रकच्या मागच्या फळीवरून उतरला. आईने तोंडाकडे पाहिलंच नाही, बाहीकडे पाहिलं. बाही घडी घालून पिनेने वर टाचलेली होती. आई काही बोलणार एवढ्यात तो म्हणाला, “आई, भूक लागलीय,” आणि आई स्वयंपाकघरात पळाली, म्हणून रडण्याची वेळ टळली ती कायमचीच. मग दुपारभर तो माझ्या जुन्या शाळेच्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर डाव्या हाताने अक्षरं गिरवायचा. मोठी, वाकडी, ओळीखाली घसरणारी. मी हसायचे. मला हसू यावं म्हणून तो आणखी वाकडी काढायचा. दोन वर्षांत अक्षर वळणावर आलं आणि त्या जोरावर त्याला एका कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवायची नोकरी लागली. आम्ही दोघांनीही लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, बहिणीने भावासाठी केलं नाही. तो म्हणतो, भावाने बहिणीसाठी केलं नाही. खरं विचाराल तर कुणी धड विचारलंच नाही. कारखाना बंद पडला तेव्हा मी कचेरीत लागून दोन वर्षं झाली होती, पण कायम झाले नव्हते. तेव्हा त्याने पहिला अर्ज केला. घोटून घोटून लिहिलेला, एक खाडाखोड नाही. सकाळी माझ्या हातात देऊन म्हणाला, “टपालखर्च वाचला बघ. घरातच पोस्टमन आहे.” तो अर्ज त्या दिवशी मंजूर झाला असता. तेव्हा तात्पुरत्या नोकरीतल्या बहिणीचा पगार धरत नसत, आणि एकदा मंजूर झालेली पेन्शन मरेपर्यंत काढून घेत नसत. मी तो बॅगेतून कचेरीत नेला, टेबलाशी बसले, आणि समोर भिंग दिसले. तात्पुरती बाई, जेमतेम दोन वर्षं झाली तोच घरच्या माणसाची फाइल पुढे करते! ते असं म्हणाले नाहीत. त्यांना मी विचारलंच नाही. अर्ज मी खणात ठेवला. कायम झाले की देऊ. मग कायम झाले, तेव्हा बढती जवळ आली होती. दादाने एकदा विचारलं, “काही आलं का?” मी म्हटलं, वेळ लागतो. पुन्हा त्याने विचारलं नाही. निवृत्त झाले त्या दिवशी खण रिकामा केला, तर सगळ्यांत खाली तो, कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर मात्र काल लिहिल्यासारखं. दुसऱ्यांच्या गरजा मोजत मी घरोघर फिरत होते आणि घरी येऊन त्या माणसाच्या हातची चहाची कपबशी घेत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवा तर आमचाच, सरकारी.

“घरात उत्पन्न कुणाचं?” मुलीने विचारलं. हा प्रश्न येणारच होता. “हिची पेन्शन,” दादा म्हणाला. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण तो आता थांबणाऱ्यातला नव्हता. “आमची बहीण तुमच्याच ऑफिसात होती. बत्तीस वर्षं. तपासनीस.” मुलीचं पेन थांबलं. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि एकदम उठून उभी राहिली. “म्हणजे तुम्ही त्या? अहो, आम्हाला ट्रेनिंगमध्ये तुमचे जुने रिपोर्ट देतात. नमुना म्हणून. तीन ओळींत सगळं.” दादाची छाती फुलली. कुठला रिपोर्ट, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझी तीन वाक्यं कुठल्याशा वर्गात फळ्यावर लिहिली जात होती, पोरीपोरं ती वहीत उतरवून घेत होती, आणि त्यातली एक वही आज तीन जिने चढून माझ्या घरात आली होती. राग यावा तर कुणाचा? मुलीचा यावा, तर ती माझंच काम चोख करत होती.

ती पुन्हा बसली, पण आता काठावर. पेनचं टोपण लावलं, काढलं. “आजी, तुम्हाला मी काय सांगणार?” ती म्हणाली. “काकांना एक हात नाही यात वाद नाही. पण एका चुलीवरच्या माणसांचं उत्पन्न—” “एकत्र धरतात,” मी म्हटलं. “मला पाठ आहे ते.” शेकडो बायकांना मी हे वाक्य खिडकीतून ऐकवलं होतं. “आणि मी नसेन तेव्हा?” माझा आवाज चढला. “मी मेल्यावर अर्ज करायचा का त्याने? तोवर काय खायचं, नियम?” “सायबीणबाई,” दादा हळूच म्हणाला. मला साहेबीण म्हणून चिडवायची त्याची जुनी खोड, पण यावेळी त्यात चिडवणं नव्हतं. मुलीने दाराकडे पाहिलं, जणू बाहेर कुणी ऐकत असेल. “मी हे बोललेच नाही असं समजा,” ती म्हणाली. “चूल खरीच वेगळी असती ना, सहा महिने, तर काकांचं उत्पन्न शून्य. मग मला बाकी काही लिहावंच लागणार नाही. आज मी शेवटचा रकाना कोरा ठेवते. चौकशी चालू, असा शेरा मारते. सहा महिने फाइल तशी ठेवता येते. नंतर मी पुन्हा येईन. पण खरंच वेगळं हवं, आजी. शेजारीपाजारी विचारतात.” तिने तक्ता पिशवीत घातला. रिकामा ग्लास उचलून स्वतःच मोरीत नेऊन ठेवला आणि गेली. तिच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

चौकशी चालू. हा शेरा माझ्याही काळात होता. नियमांच्या पुस्तकात, अकराव्या पानावर, खालून तिसरी ओळ. बत्तीस वर्षांत मी तो एकदाही मारला नाही. कामं तुंबतात म्हणून. पाल्हाळ नको म्हणून. घड्याळवाल्याच्या तक्त्यावर तो मारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि सहा महिन्यांनी परत गेले असते तर त्या टेबलावर कप नसते.

“चांगली पोरगी आहे,” दादा म्हणाला. “चहा घेतला नाही तेवढंच.” आणि माझा बांध फुटला. “पाणी कशाला आणलंस तू? हजारदा सांगितलं होतं उठू नकोस म्हणून!” “तिला तहान लागली होती.” “तहान नव्हती तिला! ते पाणी तहानेचं नसतं!” “ग्लास रिकामा केला तिने,” दादा म्हणाला. “तीन मजले चढून आली होती.” हे खरं होतं. मी कुणाच्याच घरी ग्लास रिकामा केला नव्हता. मी खाटेवर बसले. छातीत काहीतरी आखडल्यासारखं झालं आणि सुटलं. “दादा,” मी म्हटलं, “तुझा पहिला अर्ज—” “तुझ्या खणात होता.” “तुला कसं कळलं?” मी विचारलं. “अर्ज पोचला की पोच येते,” तो म्हणाला. “मला आली नाही. वर्षभर फौजेत काढलंय गं मी, एवढं कळतं.” “मग बोलला का नाहीस?” “काय बोलायचं? नोकरी नवी होती तुझी. पोर रोज सकाळी पोटात कळ येते म्हणून जेवत नव्हती.” शेहेचाळीस वर्षं! मला त्याचा इतका राग आला, की वाटलं उठून त्या चकचकीत नळावर काहीतरी फेकावं. त्याने एकदा भांडायला हवं होतं. एकदा ताट भिरकावायला हवं होतं. तो नीट वागत राहिला आणि मी त्याच्या नीट वागण्यावर शेरे मारत राहिले, घरात आणि घराबाहेर.

“टायपिस्टची खोली तळमजल्यावर आहे,” शेवटी मी म्हटलं. कचेरीतली माझी मैत्रीण, नवरा गेल्यापासून एकटी राहते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. कधीची बोलावते आहे. दादा मोरीतला ग्लास विसळू लागला. “सहा महिनेच.” “म्हणजे मला गरजू ठरवायला तू घर सोडणार,” तो म्हणाला. “आणि सहा महिन्यांत काही झालं तर? तू तिकडे, मी इकडे?” “काय होणार आहे?” “डॉक्टरकडून आलीस त्या दिवशी जिन्यात चार वेळा थांबलीस. मी वर उभा राहून मोजत होतो.” मी पदर तोंडाशी धरला. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठमोरा, सरळ. रिकामी बाही घडी घालून टाचलेली, पीन अगदी मध्यावर. “नसेल जायचं तर नाही जात,” मी म्हटलं. “मरू दे ती पेन्शन.” “जा,” तो म्हणाला. “तिथे जिने नाहीत.”

माझ्या बॅगेची मूठ केव्हाच तुटली होती. त्याने माळ्यावरून त्याची जाड कापडाची फौजेतली लांब पिशवी खाली ओढली, झटकली. मी कपडे काढून देत होते आणि तो भरत होता. मला त्याने घडी घालूच दिली नाही. हनुवटीखाली टोक धरायचा, हाताने खालपर्यंत सपाट करायचा, पुन्हा मोडायचा. स्वेटर तळाशी. औषधांचा डबा मधोमध, चारी बाजूंनी मऊ कपडे. चष्म्याचं घर वरच, चटकन हाताला लागेल असं. “पत्रं टाकत जा,” तो म्हणाला. “पण फार नको, शेजारी विचारतील.” मला हसू आलं आणि रडूही. पिशवी भरली. तोंडाशी दोरी ओवलेली होती. ती त्याने खेचून आवळली, एक टोक गुडघ्याखाली दाबलं, दुसऱ्याने वेढा घातला. वेढा सुटला. त्याने पुन्हा घातला. पुन्हा सुटला. मी बघत होते. पुढे व्हायची सवय मला त्याने कधी लागू दिली नव्हती. “पूर्वी दातात धरायचो,” तो पुटपुटला. “आता दात ग्लासात.” तिसऱ्यांदा दोरी निसटली तेव्हा तो थांबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “इकडे ये जरा. इथे बोट ठेव.”

मी वाकून वेढ्यावर बोट ठेवलं. त्याने दोरी ओढली. बोट आवळलं गेलं.

“किती वेळ धरू?” मी विचारलं.

“सहा महिने,” तो म्हणाला, आणि दोरीचं टोक मुठीत घेऊन तसाच वाकून राहिला.